घरची हळद दरवर्षी बुरशी धरते? काढणीच्या आधीचे तीन आठवडे तपासा

गच्चीवरच्या ग्रो बॅगमधली हळद काढली, शिजवली, वाळवली, बरणीत भरली. एप्रिलमध्ये बरणी उघडली तर कुबट वास. हळकुंडांच्या सांध्यांत करडी लव, आणि फोडून बघितलं तर मधोमध काळपट. आमच्याकडे हे सलग तीन वर्षं झालं, २०२२, २०२३ आणि २०२४. पुण्यात गच्चीवर हळद लावणाऱ्या मैत्रिणींशी बोलताना कळलं की त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच होतं. कुणाची हळकुंडं पोचट निघतात, कुणाची वाळून सुरकुततात, कुणाची पूड फिकट होते. म्हणून आमच्या हळदीचं काय चुकत होतं आणि ते कसं सुधारलं, ते सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी दोष बेण्याला दिला. मंडईतून आणलेली ओलीच हळद लावली होती. दुसऱ्या वर्षी सांगली भागातून सेलम जातीचं चांगलं बेणं मागवलं. पीक जोरदार आलं, बुरशी तशीच. मग वाटलं की वाळवायची जागा वाईट, म्हणून तिसऱ्या वर्षी बाल्कनी सोडून गच्चीवर वाळवली. तरीही तेच. दरवर्षी एक गोष्ट बदलायची आणि वाट बघायची, यात तीन वर्षं गेली. खरं कारण वाळवणाच्या कितीतरी आधी घडून गेलेलं होतं.

ते माझ्या मामांनी एका फोनमध्ये शोधलं. मामा सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजजवळ हळद करतात. हळदीवर संशोधन करणारं केंद्र तिथेच आहे आणि फुले स्वरूपा ही जात तिथलीच. मी त्यांना बुरशीचे फोटो पाठवले. त्यांनी फोटोंबद्दल एक शब्द विचारला नाही. पहिला प्रश्न आला, "पाणी कधी तोडलंस?"

मी म्हटलं, "तोडलं नाही मामा. काढायच्या दिवसापर्यंत ठिबक चालूच होतं."

"आणि पाला? वाळला होता का?"

"थोडा पिवळा झाला होता."

"खालचा का शेंड्याचा?"

खालची दोन-तीन पानं पिवळी होती, वरची सगळी हिरवीगार. मामा म्हणाले, "मग ती हळद तयारच नव्हती. कच्ची काढलीस. कच्च्या हळदीला बुरशी येणारच, तू कुठंही वाळव."

आता हे कच्ची काढणं दरवर्षी का होत होतं, ते सांगते, कारण बऱ्याच घरांत हेच कारण असेल. आम्हाला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरची हळद हवी असायची. सासूबाईंची फार इच्छा, की वाणाबरोबर आपल्या गच्चीतली हळद बायकांच्या हातावर ठेवावी. म्हणून संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही बॅगा उलट्या करायचो. लागवड जूनच्या सुरुवातीची. जून ते जानेवारीचा मध्य म्हणजे जेमतेम साडेसात महिने. सेलम ही साडेआठ ते नऊ महिन्यांची जात आहे. शेवटच्या दीड महिन्यात पानांतलं सगळं अन्न खाली कंदात उतरतं, कंद घट्ट होतो आणि त्याची साल पक्की होते. आम्ही नेमका तोच दीड महिना दरवर्षी कापून टाकत होतो.

साडेसात महिन्यांचा कंद बाहेरून भरलेला दिसतो, पण त्यात पाणी जास्त आणि गर कमी असतो. वाळताना तो आकसतो, सुरकुततो. साल कोवळी असल्याने काढताना, धुताना ती सोलपटते, आणि जिथे साल गेली तिथे बुरशी बसते. त्यात शेवटच्या दिवसापर्यंत पाणी. कोकोपीट घातलेल्या बॅगेत पाणी फार दिवस टिकतं, वरचा थर कोरडा दिसला तरी तळाशी चिखल असतो. असा ओला, कोवळा कंद आपण शिजवतो आणि पुण्याच्या जानेवारीतल्या उन्हात टाकतो. त्या दिवसांत आमच्या गच्चीवर शेजारच्या उंच इमारतीची सावली साडेदहापर्यंत हलत नाही, आणि पहाटे चादर बाहेर राहिली तर दवाने ओलीचिंब होते. दिवसाला पाच तास ऊन मिळालं तरी पुष्कळ.

मामांनी मला एक सोपा हिशोब दिला, तो मला फार आवडला: "रथसप्तमीला पाणी तोड, महाशिवरात्रीला हळद काढ." दोन्ही तिथ्या माघातल्याच, एक शुद्ध पक्षातली आणि दुसरी वद्य पक्षातली, त्यामुळे त्यांच्यात दरवर्षी साधारण तीन आठवडे असतात. हळदीला काढणीआधी पाण्याचा ताण द्यायचा तो दोन ते तीन आठवडेच. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती आणि महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला. आमची लागवड होती २ जून २०२४ ची. म्हणजे काढणीपर्यंत २६९ दिवस भरले, जवळजवळ नऊ महिने.

अर्थात तिथी पुढे-मागे सरकतात आणि तुमची लागवड मेची असेल किंवा जुलैची, तर फरक पडेल. शेवटचा शब्द झाडाचाच. तयार झालेल्या हळदीचा पाला टोकाकडून आणि कडांकडून पिवळा पडत खाली वाळत येतो, सगळ्या फुटव्यांचा मिळून, आणि शेवटी खोडं मऊ होऊन आडवी पडतात. जमिनीलगत खोड नुसतं हलवलं तरी सैल लागतं. एवढं दिसलं की काढा. वरचं पान हिरवं असेल तर थांबा, सणाचा दिवस निघून गेला तरी थांबा.

एक पिवळेपणा मात्र वेगळा ओळखायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखाद्याच बॅगेतला एखादाच फुटवा अचानक पिवळा पडला, मधला सुरळीचा कोंब नुसता ओढल्यावर हातात आला आणि त्याच्या बुडाला घाण वास येत असेल, तर ती पक्वता नव्हे. ती कंदकूज किंवा कंदमाशी. त्या बॅगेतला सडका भाग लगेच काढून टाका, बाकीचा कंद चांगला असेल तर तो ओलाच वापरा, साठवणीच्या हळदीत मिसळू नका. एका सडक्या गड्ड्याने अख्खी पातेली नासलेली मी बघितली आहे. पानांवर नुसते तपकिरी ठिपके असतील तर तो करपा. त्याने पाला लवकर वाळतो आणि तयार झाल्यासारखा दिसतो, म्हणून पाल्याबरोबर महिनेही मोजावेत.

पाणी तोडल्यावर धीर लागतो. पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही. दुसऱ्या आठवड्यात पानं मलूल होऊन लोंबायला लागतात आणि आपला जीव खालीवर होतो. आमच्याकडे सासूबाईंना राहवेना, त्यांनी दोनदा तांब्याभर पाणी घातलंच. त्या दोन बॅगांतली हळद काढली तेव्हा माती कंदाला चिकटून आली, बाकीच्या सहा बॅगांत ती हात लावला की झडत होती. फरक इतका ढळढळीत होता की सासूबाईंनीच पुढच्या वर्षी ठिबकचा नळ स्वतः बंद करायचं कबूल केलं. ठिबकला टायमर असेल तर टायमरवर विसंबू नका, त्या बॅगांच्या नळ्याच काढून ठेवा. शेजारच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा.

खताचंही तसंच. मी डिसेंबरपर्यंत दर पंधरवड्याला शेणखताचं पाणी घालत होते, झाडं हिरवी दिसली की बरं वाटायचं. त्या हिरवेपणामुळेच पाला वाळत नव्हता. आता दिवाळीनंतर खत बंद. आणि पातोळ्यांसाठी पानं तोडण्याबद्दल: नागपंचमीला, गणपतीत चार-सहा पानं घेतली तर काही बिघडत नाही, पण मी एका वर्षी अख्ख्या सोसायटीला पुरतील इतकी पानं खुडली होती आणि त्या बॅगांतले कंद बोटाएवढेच निघाले. पान हेच हळदीचं स्वयंपाकघर आहे.

काढणीच्या दोन दिवस आधी वाळलेला पाला मातीपासून दोन बोटं ठेवून कापून घ्या. खुरपं वापरू नका. बॅग आडवी करा, बाजूने चिरा आणि माती हाताने मोकळी करा. खुरप्याची एक जखम म्हणजे बुरशीला उघडं दार. गड्डा मोडताना जेठा गड्डा, म्हणजे खोडाखालचा मुख्य जाड कंद, वेगळा, लांब हळकुंडं वेगळी, बारकी बोटं वेगळी, असे तीन ढीग करा. चांगले जेठे गड्डे बेण्यासाठी ठेवा. ते शिजवायचे नाहीत, सावलीत कोरड्या वाळूत ठेवायचे. जाड गड्डे आणि बारकी बोटं एकत्र शिजवली की बारकी गळून जातात आणि जाड आतून कच्चे राहतात. आमच्या तीन वर्षांच्या चुकांमधली ही दुसरी मोठी चूक होती.

आता शिजवण्याबद्दल जरा सविस्तर, कारण माझ्या मते घरी सगळ्यात जास्त हळद इथेच बिघडते.

काढल्यापासून दोन-तीन दिवसांत शिजवा. एका पाण्यात धुवा, घासू नका. मोठ्या पातेल्यात हळकुंडं घालून ती बुडून वर दोन बोटं पाणी येईल एवढं पाणी घाला. वर हळदीचाच वाळका पाला किंवा ओलं फडकं पसरा आणि झाकण ठेवा. उकळी आल्यापासून पाऊण ते एक तास लागतो, हळकुंडाच्या जाडीप्रमाणे. घड्याळापेक्षा नाक आणि काडी यांच्यावर भरवसा ठेवा. सुरुवातीला मातकट, कच्चा वास येत राहतो. चाळीस मिनिटांच्या सुमारास पाण्यावर पिवळा फेस चढतो, पांढरी वाफ भरभरून येते आणि वास एकदम बदलतो. कच्चेपणा जाऊन पक्क्या हळदीचा वास स्वयंपाकघरभर पसरतो. तेव्हा एक जाडसं हळकुंड काढून खराट्याची काडी टोचा. काडी अडखळली तर अजून पाच मिनिटं. लोण्यात गेल्यासारखी गेली तर गॅस बंद.

मग तेच हळकुंड मधोमध मोडून उजेडात धरा. सगळीकडे एकसारखा गडद केशरी-पिवळा रंग दिसला पाहिजे. मधोमध फिकट चकती दिसली तर आतला गर शिजलेला नाही. तेवढीच चकती पुढे ओल धरून बसते आणि एप्रिलमध्ये काळी पडते. आमच्या जुन्या बरणीतली हळकुंडं मी नंतर मुद्दाम फोडून बघितली, तेव्हा काळा डाग प्रत्येक वेळी त्याच जागी होता. शिजवल्याने कंदाची उगवण्याची ताकद संपते, आतली खळ शिजून घट्ट होते, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायला कमी दिवस लागतात. कमी शिजली तर हळकुंडं वाळून ठिसूळ होतात. जास्त शिजली तर साल फाटते आणि रंग मळका पडतो, म्हणून गॅसजवळून हलू नका.

कुकरमध्ये शिट्ट्या घेऊन शिजवणाऱ्या खूप जणी आहेत. मी तेही करून बघितलं. एका शिट्टीने आत कितपत शिजलं ते बघता येत नाही, आणि झाकण उघडेपर्यंत बारकी बोटं मऊ होऊन जातात. माझा सल्ला पातेल्याचाच.

पाणी निथळून हळकुंडं चाळणीवर गार करा आणि लगेच उन्हात घाला. प्लॅस्टिकच्या कागदावर नको, खाली घाम धरतो. बुरूड आळीतून बांबूची चटई किंवा मोठं सूप आणा, खालून हवा खेळली पाहिजे. सुटी-सुटी एकेरी पसरू नका, दोन-तीन इंचाचा थर ठेवा. फार पातळ पसरली की उन्हाने रंग उडतो. रोज दुपारी एकदा वरखाली करायची. संध्याकाळी पाचच्या आत गोळा करून सुती कापडाखाली आत घ्यायची, गच्चीवर रात्र काढू द्यायची नाही. महाशिवरात्रीनंतर पुण्याचं ऊन चढतं, हवा कोरडी होते आणि दव जवळजवळ थांबतं. नेमकं तेच आपल्याला हवं असतं. त्यामुळे उशिरा काढणीचा हा दुसरा फायदा, न मागता मिळणारा.

वाळली कधी म्हणायची? लोक म्हणतात पंधरा दिवस, आणि साधारण तेवढे लागतातच. पण माझा भर वजनाच्या काट्यावर आहे. २०२५ मध्ये शिजवलेली हळकुंडं भरली ७ किलो ४०० ग्रॅम. दहाव्या दिवशी दोन किलोच्या आसपास आली. मग रोज संध्याकाळी वजन केलं. चौदाव्या दिवशी १ किलो ४८० ग्रॅम, पंधराव्या आणि सोळाव्या दिवशी १ किलो ४६०. दोन दिवस काटा हलला नाही, म्हणजे जायचं तेवढं पाणी गेलं. म्हणजे ओल्याच्या साधारण पाचवा हिस्सा उरला. आणि हळकुंड मोडताना कानाजवळ धरा. नीट वाळलेलं हळकुंड धातूसारखा खणखणीत आवाज करून तुटतं. वाकून मग तुटलं, किंवा नुसता 'फस' असा आवाज आला, तर परत चटईवर घाला. आम्ही आधी नवव्या-दहाव्या दिवशीच बरणीत भरत होतो, कारण वरून साल कडक लागायची. वरची साल फसवते.

वाळल्यावर गोणपाटाच्या पिशवीत घालून जमिनीवर घोळली की साल आणि मुळ्या निघतात आणि हळकुंड गुळगुळीत होतं. बाजारासारखी चकाकी येत नाही, आणि ती यायची गरजही नाही. हळद चमकदार दिसावी म्हणून शिश्याचा अंश असलेलं लेड क्रोमेट वापरल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत. घरची हळद थोडी मातकट दिसली तरी ती मुलांच्या दुधात निर्धास्तपणे घालता येते, आणि माझ्यासाठी एवढ्या खटपटीचं कारण तेच आहे. दळायला मिक्सर वापरू नका, पाती जातात. खलबत्त्यात जाडसर कुटून मग डंकावर द्या, आणि मिरची दळून झालेल्या यंत्रात आपली हळद जाऊ नये म्हणून सकाळी पहिल्या नंबराला जा. सगळी एकदम दळू नका. हळकुंडं वर्षभर चांगली राहतात, पुडीचा वास आणि रंग लवकर उतरतो. पूड काचेच्या बरणीत ठेवली तर बरणी कपाटात, उजेडापासून लांब.

त्या वर्षीची बरणी मी जूनमध्ये उघडली, पावसाला सुरुवात झाल्यावर, मुद्दाम. हळकुंडं कोरडी होती, हातात घेतल्यावर एकमेकांवर खडखडली. सासूबाईंनी एक फोडलं, आत बघितलं आणि न बोलता माझ्या हातावर ठेवलं. या जानेवारीतल्या हळदीकुंकवाला वाणात घरची हळद होती. मागच्या फेब्रुवारीत काढलेली. वर्षभर आधीची हळद वाणात द्यायला कुणाचीच हरकत नव्हती, हे आम्हाला सुचायलाच चार वर्षं लागली.

आता ज्यांनी यंदा हे वाचायच्या आधीच हिरव्या पाल्याची हळद काढली आहे त्यांच्यासाठी. ती हळद फेकू नका, आणि शिजवून साठवायच्याही फंदात पडू नका. चांगले कंद सोलून सुपारीसारखे पातळ काप करा आणि न शिजवता चटईवर वाळवा. काप पातळ असल्याने तीन-चार दिवसांत कुरकुरीत होतात, बुरशीला तेवढा वेळच मिळत नाही. ही पूड दोन-तीन महिन्यांत संपवा. उरलेली किसून छोट्या डब्यांत फ्रीजरमध्ये ठेवा, आमटीला थेट घालता येते. आणि कोवळ्या हळदीचं लोणचं तर जून हळदीपेक्षा सरस होतं: पाव किलो हळदीचा कीस, थोडं आलं, सहा लिंबांचा रस, मीठ, वरून मोहरीची डाळ आणि गार केलेली हिंगाची फोडणी. चार दिवस मुरू द्या, फ्रीजमध्ये ठेवा. रस हळदीच्या वर राहील एवढं लिंबू घाला, कोरडी राहिली तर तिथेच बुरशी धरेल.